घरच्या कारखान्यात उजेड कुठे हवा?

घराला लागून शेड काढायची ठरली की महिनाभर चर्चा चालते. पत्रा कोणता घ्यायचा, शटर किती फुटी, खाली कोबा की फरशी, थ्री-फेज मिळेल का. उजेडाचा विषय निघतो तो अगदी शेवटच्या दिवशी. वायरमन शिडीवर चढून विचारतो, "बोला, कुठे लावू?" आणि खाली उभा असलेला माणूस बोट दाखवून म्हणतो, "इथे एक, तिथे एक, आणि एक मधे." त्या दोन मिनिटांत पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा उजेड ठरून जातो.

आपल्याकडे घर आणि कारखाना यांच्यात फार जाड भिंत नसते. भिवंडी-मालेगावच्या कितीतरी घरांत खाली माग आणि वर संसार असतो. कोकणात आखातातून परतलेला मुलगा घराशेजारी गॅरेज टाकतो. कुठे पडवीत बुरख्यांची शिलाई चालते, कुठे मागच्या अंगणात फर्निचरचे काम. घरातल्या बायका, म्हातारे, शिकाऊ मुले सगळेच तिथे हात लावतात. मोठ्या कारखान्यात निदान कुणीतरी इन्स्पेक्टर येऊन उजेड पुरेसा आहे का ते पाहतो. घरच्या शेडमध्ये ते पाहणारे आपणच.

आमच्या नात्यातल्या एका घरची अशीच शेड आहे. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, पत्रा जमिनीपासून ११ फुटांवर. शटरच्या बाजूला मोठा मुलगा रिक्षा आणि मोटारसायकली दुरुस्त करतो. मधल्या भागात त्याच्या वडिलांचे सुतारकाम. घराकडच्या टोकाला उत्तरेच्या खिडकीजवळ सुनेच्या तीन शिलाई मशिनी. एवढ्या जागेत चार जुन्या ट्यूबलाइट होत्या, त्यातली एक अर्धा वेळ लुकलुकणारी.

वडील चौसष्ट वर्षांचे. गेल्या वर्षी त्यांचा कट रेघ सोडून जाऊ लागला. दोन दरवाजांची लाकडे वाया गेली, एकदा पटाशी अंगठ्याला लागली. घरात ठरून गेले की अब्बांची नजर गेली, आता त्यांनी बसावे. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला, मोतीबिंदू सुरू झालाय पण ऑपरेशनची वेळ नाही असे सांगितले. नवा चष्मा आला, तरी रेघ सुटायची ती सुटायचीच. मशीन विकण्याची भाषा सुरू झाली. अब्बा बोलत नव्हते, पण त्यांचे जेवण कमी झाले होते.

सून शिलाई करते, तिला उजेडाची किंमत ठाऊक. तिने एक गोष्ट हेरली होती. "सकाळी मागच्या दारात बसून केलेलं अब्बांचं काम एकदम बरोबर येतं. असरनंतर आत केलेलंच बिघडतं. नजर गेली असती तर सकाळीही बिघडलं असतं ना?"

आम्ही तिकडे गेलो ते मगरिबनंतर. मोबाईलवर उजेड मोजायचे ॲप टाकले आणि फोन सुतारकामाच्या टेबलावर ठेवला. आकडा आला ६५ लक्स. मग अब्बांना नेहमीसारखे टेबलापाशी उभे राहून वाकायला सांगितले. आकडा ३० वर आला. ट्यूब त्यांच्या पाठीमागे होती आणि त्यांची स्वतःची सावली त्यांच्याच रेघेवर पडत होती.

वय आणि उजेड यांचा हिशेब घरोघरी माहीत असायला हवा. वय वाढते तशी बाहुली लहान राहते, डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे ज्या उजेडात मुलगा आरामात नट शोधतो, त्याच उजेडात बाप चाचपडत असतो. आणि मुलाला वाटते, उजेड तर आहे!

वॉट विसरा, ल्यूमेन विचारा

दुकानात आपण अजून वॉट विचारतो. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. तो उजेड किती देतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि हल्ली खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन द्यायचा. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली आणि घरोघरी ९ वॉटचे एलईडी बल्ब आले, ते त्याहून जास्त उजेड देतात. चार फुटी २० वॉटची एलईडी पट्टी साधारण २००० ल्यूमेनची असते. काही कंपन्यांच्या पट्ट्या जास्त देतात, काही नुसत्या नावाला २० वॉटच्या असतात, म्हणून खोके वाचायचे.

दिव्यातून निघालेला उजेड कामाच्या जागेवर किती पडला ते लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन पडला तर तो एक लक्स. कारागिराला घेणे-देणे आहे ते लक्सशी. ढोबळ काम, माल ठेवणे-उचलणे याला २०० लक्स चालतात. करवत, रंधा, गाडीची साधी दुरुस्ती याला ३००. बारीक जोडकाम, पॉलिश, शिलाई याला ५०० आणि वर. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची शिलाई याला ७५० ते १००० असले तर बरे. काळे कापड पडलेला बहुतेक उजेड गिळून टाकते, फार थोडा परत पाठवते. बुरखे शिवणाऱ्या बायकांचे डोळे दुखतात त्याचे एक कारण हे आहे. त्यांना शाळेचे पांढरे शर्ट शिवणारीपेक्षा कितीतरी जास्त उजेड हवा असतो, आणि बहुधा तेवढाच मिळतो.

आता शेडचा हिशेब. ३० गुणिले २० म्हणजे ६०० चौरस फूट, साधारण ५६ चौरस मीटर. सगळीकडे ३०० लक्स हवे तर ५६ गुणिले ३००, म्हणजे १६,८०० ल्यूमेन. पण दिव्यातला सगळा उजेड टेबलावर येत नाही. काही भिंती खातात, काही पत्रा खातो, काही धूळ, आणि एलईडीही वर्षांगणिक थोडी मंदावते. पत्र्याच्या शेडमध्ये निम्मा उजेड वाटेतच गेला असे धरून चालावे. म्हणजे दिवे ३३ हजार ल्यूमेनचे हवेत. २००० ल्यूमेनच्या १६-१७ पट्ट्या. चार ट्यूबच्या जागी सोळा पट्ट्या म्हटल्यावर घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बिलाचे आम्ही पुढे सांगतो.

त्याआधी चुना. दिवे घेण्यापूर्वी आम्ही त्यांना भिंतींना आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला पांढरा रंग मारायला लावला. स्वच्छ पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी सत्तर-ऐंशी टक्के परत फेकतो, धुराने काळवंडलेला पत्रा फारच थोडा. शिवाय परत आलेला उजेड चारी बाजूंनी येतो, त्यामुळे सावल्या मऊ होतात. उजेडासाठी एवढ्या स्वस्तात दुसरे काही मिळत नाही. जमिनीला फिकट रंग दिला तर गाडीच्या पोटाखालीही थोडे दिसते, पण ऑइल सांडणाऱ्या जागी तो महिनाभरही टिकत नाही, म्हणून त्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

टेबलापासून वर जायचे

पुस्तकी पद्धत अशी की दिव्यांच्या ओळी समान अंतरावर घ्यायच्या आणि भिंतीपासून त्याच्या निम्मे अंतर सोडायचे. २० फुटांत तीन ओळी घेतल्या तर दोन ओळींत साडेसहा फुटांच्या आसपास आणि भिंतीपासून सव्वातीन फूट. रिकाम्या हॉलला हे झकास. पण अब्बांचे टेबल दक्षिणेच्या भिंतीला लागून आहे, दोन फूट रुंद. ते उभे राहतात भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर. सव्वातीन फुटांवर ओळ आली की ती बरोबर त्यांच्या टाळूवर किंवा पाठीमागे येणार, आणि सावली पुन्हा रेघेवर. सोळा काय, साठ पट्ट्या लावल्या तरी हाताखालचा अंधार राहणारच.

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी मशिनी आणि टेबले जागेवर लावली, मग प्रत्येक जागी माणूस उभा केला. तो कुठे उभा राहतो, कुठे वाकतो, हात कुठे असतो ते जमिनीवर खडूने आखले. त्या खुणांवरून ओळंबा धरून दिव्याची जागा वर नेली. दिव्याची ओळ कारागिराच्या डोक्याच्या पुढे, टेबलाच्या अलीकडच्या कडेच्या बरोबर वर यायला हवी. अब्बांच्या टेबलासाठी ती भिंतीपासून दोन फुटांवर आली. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून आणि किंचित पुढून यावा. डावखुऱ्याला उलट. घरात धाकटा नातू डावखुरा आहे, त्याचा शिकायचा कोपरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिला.

शिवाय टेबलाच्या वर तीन फुटांवर, भिंतीतून काढलेल्या अँगलला दोन फुटी १० वॉटच्या दोन पट्ट्या टांगल्या. जवळचा छोटा दिवा लांबच्या मोठ्या दिव्यापेक्षा जास्त काम करतो. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. टेबलावर नंतर मोजले तेव्हा ६०० च्या वर लक्स भरले, वाकल्यावरही ५०० च्या आसपास.

गाडीच्या भागात चूक नेहमी एकच होते. दिवे गाडीच्या बरोबर वर लावले जातात. उजेड टपावर पडतो, टप चकाकतो, आणि काम असते बाजूला, इंजिनात, चाकाशी. म्हणून तिथल्या ओळी गाडीच्या दोन्ही बाजूंना, गाडी आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावर घेतल्या. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. गाडीखाली शिरायचे तर चार्जिंगचा दिवा. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरला होल्डर लावून तो बल्ब गाडीखाली नेण्याची पद्धत अजून कित्येक गॅरेजांत दिसते. ओली जमीन, सांडलेले पेट्रोल, सोललेली वायर, याहून जास्त काही सांगायला नको.

शिलाईच्या बाजूला उत्तरेची खिडकी आहे, हे त्या घराचे नशीब. उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येत नाही, दिवसभर एकसारखा शांत उजेड मिळतो. मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी असायची आणि त्यातल्या काचा उत्तरेला तोंड करून असायच्या, ते याचसाठी. मशिनी खिडकीला समांतर न ठेवता आडव्या ठेवल्या, म्हणजे उजेड डावीकडून सुईवर येतो आणि डोळ्यांत जात नाही. वर चार पट्ट्या, आणि प्रत्येक मशीनला सुईजवळ चुंबकाने चिकटणारा छोटा एलईडी. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तरावीहनंतर सहरीपर्यंत शिलाई चालते, तेव्हा हा दोन-तीन वॉटचा दिवा वरच्या चार पट्ट्यांहून जास्त उपयोगी पडतो, असे सुनेचे म्हणणे. सुतारकाम आणि शिलाई यांच्यामध्ये प्लायची कमरेएवढी भिंत आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा लावला. भुसा अडतो, उजेड अडत नाही.

एकूण पट्ट्या झाल्या गाडीकडे सहा, सुतारकामाला सहा, शिलाईला चार. जवळचे छोटे दिवे वेगळे.

पांढऱ्यातही जात असते

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, त्यावर पिवळसर लेप. निळा एलईडी बनवणे इतके अवघड होते की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लेप हलका वापरला की उजेड निळसर होतो आणि त्यात लाल रंग कमी पडतो. अशा उजेडात मरून आणि तपकिरी सारखे दिसतात. शिलाईवाल्यांना हा अनुभव आहेच. रात्री दोरा मॅच केला, सकाळी अंगणात पाहिला तर वेगळाच. गाडीच्या वायरिंगमध्ये लाल आणि तपकिरी वायर ओळखण्यात गडबड झाली तर ती दोऱ्याहून महाग पडते.

हे टाळायला खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा पाहायचा. ८० पेक्षा कमी घेऊच नये. शिलाई, पॉलिश, रंगकाम याला ९० चा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यावेत. त्याच खोक्यावर ३०००, ४०००, ६५०० असाही आकडा असतो, पुढे के. तीन हजार म्हणजे पिवळसर, साडेसहा हजार म्हणजे निळसर पांढरा. बाजारात सरसकट साडेसहा हजारवालेच पुढे करतात कारण ते जास्त लख्ख वाटतात. आमचे मत चार-पाच हजारांच्या बाजूने आहे. तासन्‌तास काम करताना तो डोळ्यांना सोसवतो. एकाच शेडमध्ये मात्र दोन जातींचे दिवे मिसळू नयेत, डोळा सारखा इकडून तिकडे जुळवत बसतो.

पट्टीवर दुधी कव्हर असावे. उघडे ठिपके दिसणारी पट्टी स्वस्त मिळते, पण मान वर केली की डोळ्यांपुढे काजवे.

आता ज्या गोष्टीवर आम्ही सर्वात जास्त अडून बसलो ती. आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि हलक्या ड्रायव्हरची एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत राहते. डोळ्याला ते कळत नाही. पण फिरणाऱ्या करवतीच्या पात्याची गती त्या लुकलुकण्याशी जुळली तर पाते थांबल्यासारखे किंवा अगदी हळू फिरल्यासारखे दिसते. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारे पाते थांबलेय असे वाटून कुणी लाकडाचा तुकडा उचलायला हात घातला तर काय होईल? जुन्या कारखान्यांत म्हणूनच शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. आज चांगल्या ड्रायव्हरची एलईडी घेतली की हा प्रश्न बराचसा मिटतो. तपासायला सोपी युक्ती आहे. दिवा लावून त्याच्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवा. एकसारखा धुरकट पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या दहा पेन्सिली दिसल्या तर तो दिवा दुकानदाराला परत. मोबाईलच्या स्लो-मोशनमध्येही लुकलुकणे पकडता येते. आमच्यासमोर तीन कंपन्यांच्या पट्ट्या तपासल्या, त्यातली एक परत गेली. ती सगळ्यात महाग होती, हेही सांगून ठेवतो.

वायरिंग आणि बिल

दिव्यांची लाइन आणि मशीनची लाइन वेगळी पाहिजे, याला पर्याय नाही. एकाच एमसीबीवर दोन्ही असले तर करवत अडकून एमसीबी पडतो, त्याच क्षणी अंधार होतो, आणि पाते अजून फिरतच असते. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ ॲम्पिअरचा एमसीबी पुरतो. आम्ही तर दिव्यांच्याही दोन लाइनी केल्या, एक आड एक पट्टी एकेका लाइनवर. एक लाइन गेली तरी निम्मा उजेड राहतो. करवतीजवळ बॅटरीचा एक दिवा असा लावला की वीज गेली की तो आपोआप लागतो. आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरचा, आणि अर्थिंग तपासलेले. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच. घरातल्या हुशार मुलाने खुणा आखाव्यात, नळ्या ठोकाव्यात, जोडणी करू नये.

बटणे खिडकीपासूनच्या अंतराप्रमाणे. खिडकीलगतच्या दिव्यांना एक बटण, आतल्यांना वेगळे, म्हणजे दिवसा खिडकीकडचे बंद ठेवता येतात. तीन विभागांची बटणेही वेगळी. सोळा पट्ट्या आणि छोटे दिवे सगळे मिळून ३५० वॉटच्या आसपास. सगळे आठ तास जळले तर रोजचे तीन युनिटसुद्धा होत नाहीत, आणि सगळे एकाच वेळी क्वचितच जळतात. एवढाच उजेड जुन्या ट्यूबनी घ्यायचा तर चोक धरून दुप्पट वीज लागली असती, पिवळ्या बल्बांनी सात-आठ पट. घरच्या मीटरवर धंदा चालवायचा का, कोणत्या दराने, हे मात्र आधी वीज कार्यालयात विचारून घ्यावे. पुढची कटकट वाचते.

कोकणातल्या शेडची आणखी काही दुखणी आहेत. मे महिन्यात पत्रा तापतो, आणि एलईडीला उष्णता सोसत नाही. दिव्याचे ठिपके टिकतात, पण आतला ड्रायव्हर आधी मरतो. म्हणून पट्टी पत्र्याला चिकटवायची नाही. अँगलवरून किंवा साखळीने फूटभर खाली टांगायची, वारा खेळता राहतो. समुद्राजवळ लोखंडी बॉडी गंजते, तिथे प्लास्टिकची घ्यावी. पहिल्या पावसात पाखरे पट्टीत शिरून मरतात आणि कव्हर आतून काळे होते, त्यामुळे दोन्ही टोके बंद असलेली पट्टी हवी. करवतीच्या वर भुसा फार उडतो, तिथे आयपी ६५ लिहिलेली सीलबंद फिटिंग घेतली. स्प्रेने पॉलिश मारायचे असेल तर ते शेडमध्ये नकोच. थिनरच्या वाफेला बटणाची ठिणगीही पुरते. अब्बा पॉलिश आता अंगणात करतात. वेल्डिंग मशीन चालू-बंद होताना व्होल्टेजचे झटके बसतात, त्यासाठी बोर्डात सर्ज प्रोटेक्टर टाकला.

घेताना पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि त्यासोबत आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहावे. वॉरंटीचे बिल जपून ठेवावे. आणि एकाच वेळी एकाच मालातल्या दोन पट्ट्या जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. दोन वर्षांनी एक गेली की तीच कंपनी, तेच मॉडेल मिळेल याचा भरवसा नाही, आणि नवी पट्टी रंगाने वेगळी दिसते.

अब्बांची मशीन विकली गेली नाही. गेल्या महिन्यात त्यांनी एका मदरशाच्या कपाटांचे काम घेतले, बारा दरवाजे, एकही लाकूड वाया न घालवता. मोतीबिंदूची तपासणी दर सहा महिन्यांनी चालूच आहे, कारण उजेड वाढवला म्हणून मोतीबिंदू थांबत नाही, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा ऑपरेशन करायचे हे त्यांनी मान्य केले आहे. पट्ट्या पुसायचे काम नातवाकडे आहे, वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, मेन स्विच बंद करून कोरड्या कपड्याने. तारीख तो बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो.